फांदीपासून रोप : प्रस्तावना

ज्या मुलखात चैत्र लागला की घागरभर पाण्याचाही हिशेब घरोघर ठेवावा लागतो, त्या मुलखात केवळ पानांच्या रंगासाठी बाळगावयाच्या एका परक्या झुडपाची रोपे घरच्या घरी कशी करावीत या विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न एखाद्या चिकित्सक वाचकाने विचारला, तर तो गैरवाजवी म्हणता येणार नाही. आमचे कळंब हे धाराशिव जिल्ह्यातले, मांजरा नदीच्या काठचे तालुक्याचे ठिकाण. परंतु नदीकाठ म्हटल्यावर जी हिरवीगार शोभा डोळ्यांपुढे उभी राहते तिचा येथे बाराही महिने अनुभव येतो असे नव्हे. पाऊस येतो तो आपल्या मर्जीने, आणि न येण्याचा निर्णयही तोच घेतो. याच मांजरेवर धनेगावला बांधलेले धरण २०१६ च्या उन्हाळ्यात कोरडे पडले आणि लातूर शहराची तहान भागवण्यासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणण्याची तजवीज सरकारला करावी लागली, ही गोष्ट या भागातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. अशा ठिकाणी क्रोटनसारख्या झुडपाची हौस म्हणजे निव्वळ चैन, असे वाटणे साहजिक आहे.

परंतु हीच शंका या पुस्तिकेच्या मुळाशी आहे, आणि तिचे उत्तर हाच या पुस्तिकेचा गाभा आहे. क्रोटनची फांदी कापून तिचे रोप करणे हे पाणी उधळण्याचे काम नसून पाणी राखण्याचे काम आहे. फांदीला मुळे फुटेपर्यंत तिला पुरेसे पाणी पाजता येत नाही. तिच्या अंगी जे पाणी आहे ते जाऊ न देणे एवढेच माणसाच्या हाती असते. ज्याने हे एक सूत्र ओळखले त्याला कात्री, वाळू आणि प्लास्टिकची एक पिशवी यांखेरीज फारसे काही लागत नाही. आणि ज्याने ते ओळखले नाही त्याने कितीही खत घातले आणि झारीने कितीही शिंपण केले, तरी आठवड्याभरात पाने गळून हाती काळी पडलेली काडी तेवढी उरते. पाण्याची किंमत ज्यांना लहानपणापासून शिकवावी लागत नाही, अशा लोकांना ही विद्या इतरांपेक्षा लवकर साधावी, असे माझे प्रामाणिक मत आहे.

विषयाला हात घालण्यापूर्वी या झुडपाच्या पूर्वपीठिकेचा थोडा परामर्श घेणे इष्ट होईल. आपण ज्याला सर्रास क्रोटन म्हणतो त्याचे शास्त्रीय नाव कोडियम व्हेरिगेटम. कुळ एरंडाचे, म्हणजे आपल्या बांधावरचा एरंड, कुंपणाचा शेर आणि दिवाणखान्यातला हा रंगीत पाहुणा हे एकमेकांचे आप्त. त्याची जन्मभूमी इंडोनेशिया आणि मलायापासून उत्तर ऑस्ट्रेलिया व पश्चिम पॅसिफिकच्या बेटांपर्यंत पसरलेली आहे. मोलुकास बेटांपैकी अंबॉन येथे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत असलेल्या रुम्फियस नावाच्या विद्वानाने सतराव्या शतकात तेथील वनस्पतींचा जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला त्यात या झुडपाचे वर्णन आहे. १६७० साली या गृहस्थाची दृष्टी गेली, पुढे चारच वर्षांनी भूकंपात पत्नी आणि मुलगी दगावली, तरीही लेखनिकांच्या साहाय्याने त्याने काम तडीस नेले. ग्रंथ छापला गेला तो मात्र त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने, १७४१ पासून पुढे. त्यानंतर १७५३ साली लिनियसने या झाडाची आपल्या सूचीत नोंद केली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या व्हीच या प्रसिद्ध रोपवाटिकेने दक्षिण समुद्रातील बेटांवरून त्याच्या नाना जाती आणवून युरोपातल्या धनिकांना त्यांचे वेड लावले.

या जाती समुद्रातून सुखरूप नेता आल्या त्यामागे एका साध्या निरीक्षणाचा मोठा वाटा आहे, आणि त्याचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध असल्यामुळे ते येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या लंडनच्या एका वैद्याने १८२९ साली पतंगाचा कोष पाहण्यासाठी काचेच्या बंद बाटलीत थोडी ओली माती ठेवली होती. कोषाचे काय झाले ते बाजूला राहिले, पण त्या मातीत नेचाचे आणि गवताचे अंकुर उगवून आले आणि पाण्याचा एक थेंबही न घालता ते जगले. दिवसा मातीतून वर गेलेली वाफ काचेला लागून थंड होई आणि पुन्हा मातीतच उतरे. त्यावरून त्याने काचेच्या बंद पेट्या तयार केल्या, आणि १८३३ साली अशा पेट्यांतून झाडे लंडनहून ऑस्ट्रेलियातील सिडनीपर्यंत जिवंत पोचली. तोपर्यंत जहाजावरच्या खाऱ्या वाऱ्याने आणि गोड्या पाण्याच्या टंचाईने वाटेतच बहुतेक झाडे मरत असत. आज आपण कुंडीतल्या फांदीवर जी पारदर्शक पिशवी उपडी घालतो ती वॉर्डच्या पेटीचीच गरिबाघरची आवृत्ती होय.

आता कोणी म्हणेल, की इतका खटाटोप करण्यापेक्षा क्रोटनचे बी का पेरू नये? त्याचे कारण या झुडपाच्या स्वभावात आहे. कचेरीत दस्तऐवजाची नकल मागितली तर ती अक्षरशः मूळ कागदासारखी मिळते, परंतु एखाद्या घराण्याच्या वारसाने बापासारखेच असावे असा आग्रह कोणतेही न्यायालय धरू शकत नाही. फांदी ही झाडाची नकल आहे आणि बी हा त्याचा वारस. क्रोटनच्या बीपासून उगवलेल्या रोपात मूळ झाडाचा पिवळा पट्टा, तांबडी शीर किंवा पिळदार पान यांपैकी काय उतरेल आणि काय नाही, याचा काहीच भरवसा देता येत नाही. शिवाय यातील कित्येक नामांकित प्रकार बीपासून मुळी जन्मलेच नाहीत. एखाद्या झाडाच्या एखाद्याच डोळ्यातून अकस्मात वेगळ्या रंगाची फांदी फुटली, ती माळ्याने नजरेत ठेवून कापली, वेगळी लावली आणि पुढे वाढवली. असा प्रकार टिकवायचा तर फांदीशिवाय गत्यंतरच नाही. आपल्या दारच्या जास्वंदीचेही तेच. देवपूजेत मानाचे स्थान मिळवलेल्या या झाडाला आपल्याकडे बी धरल्याचे क्वचितच दिसते. घरोघरची तांबडी जास्वंद ही कोणा ना कोणा शेजाऱ्याच्या जास्वंदीची तोडलेली डहाळी असते.

ही विद्या आपल्याला नवी आहे असेही कोणी समजू नये. सहाव्या शतकात होऊन गेलेल्या वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचे जे प्रकरण लिहिले, त्यात खोडाचा तुकडा लावून वाढवावयाच्या झाडांची स्वतंत्र गणना केली असून, तुकड्याला शेणाचा लेप देऊन तो लावावा असे सांगितले आहे. आणि त्या गणनेत फणस, अशोक, केळ, जांभूळ यांच्या जोडीला डाळिंब आणि द्राक्ष या दोहोंची नावे आहेत. आज धाराशिव आणि शेजारचा सोलापूर जिल्हा यांत ज्या फळबागांवर संसार उभे आहेत त्या याच दोन फळांच्या. सोलापूरला २००५ सालापासून डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. आणि महाराष्ट्रातला डाळिंबाचा बागायतदार भगव्या डाळिंबाचे रोप विकत घेतो तेव्हा बहुधा ते गुटीचेच, म्हणजे झाडावरच्या फांदीला मुळे फोडून केलेले, असते. द्राक्षाचा बागायतदार आधी डॉगरिजच्या काड्या लावून खुंट वाढवतो आणि मग त्यावर हव्या त्या जातीची काडी भरतो. इतकेच कशाला, मांजरेच्या पट्ट्यात ज्याने उसाची लागण केली आहे त्याला डोळा, टिपरी आणि बेणे हे शब्द शिकवावे लागत नाहीत. रांजणीच्या कारखान्याकडे मोळ्यांनी लादून जाणाऱ्या गाड्यांतला को ८६०३२ हा ऊस म्हणजे कोणे एके काळी निवडलेल्या एकाच रोपाचा टिपऱ्या-टिपऱ्यांनी झालेला विस्तार आहे. बापाने शेतात जे आयुष्यभर केले तेच मुलीने गॅलरीतल्या कुंडीत करावयाचे आहे. प्रमाण तेवढे लहान.

मात्र ऊस आणि क्रोटन यांत एक मोठा भेद आहे आणि तेथेच नवशिक्याची फसगत होते. उसाची टिपरी पानांविना लावली जाते, तिच्या कांड्यात साखरेचा आणि पाण्याचा भरपूर साठा असतो, आणि ती मातीआड जाते. क्रोटनच्या फांदीला मात्र पाने ठेवावी लागतात, कारण मुळे फुटण्यास लागणारे अन्न आणि उत्तेजक द्रव्य पानांतून आणि शेंड्यातूनच खाली यावयाचे असते; आणि तीच पाने आपल्या सूक्ष्म रंध्रांतून दिवसभर पाणी बाहेर टाकत असतात. जन्मभूमीत बारमाही पावसाने जडावलेल्या हवेत या खर्चाची झळ झाडाला लागत नाही. पण कळंबच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिसाच्या वर गेलेला आणि वारा तव्यावरून आल्यासारखा सुटलेला असताना, मुळावाचून उभ्या केलेल्या फांदीचा जमाखर्च दोन प्रहरातच बुडतो. म्हणून खर्च कमी करणे हा पहिला उपाय: पाने मोजकी ठेवावीत, रुंद पाने अर्धी छाटावीत किंवा गुंडाळून दोऱ्याने सैल बांधावीत, फांदीभोवतालची हवा पिशवीत कोंडून दमट करावी, आणि उजेड भरपूर देऊनही ऊन लागू देऊ नये. या पुस्तिकेतल्या पुढील प्रकरणांत जे जे विधिनिषेध आले आहेत ते सगळे या एका कारणाचीच निरनिराळी रूपे आहेत.

काळवेळेविषयी आमचे वडीलधारे लोक नक्षत्रांचा जो शिरस्ता पाळत त्यात या कामापुरते पुष्कळ तथ्य आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आर्द्रा निघाल्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, म्हणजे आश्लेषा सरेपर्यंत, हवेत ओल असते, रात्री उबदार असतात आणि झाडातही नवा रस खेळत असतो. क्रोटनची फांदी लावण्याचा आणि गुटी बांधण्याचा हाच येथील मुख्य हंगाम. मुळे फुटण्यास मातीत साधारण एकवीस ते सत्तावीस अंशांची ऊब असावी लागते. मार्गशीर्ष-पौषात रात्री थंडी पडू लागली की हे झुडूप अंग आखडून बसते, पाने गाळते. त्या दिवसांत कापलेली फांदी मरत नसली तरी महिनोन् महिने जशीच्या तशी राहते आणि लावणाऱ्याचा धीर सुटतो. थंडी सरल्यावर फेब्रुवारीच्या अखेरीस एक लहानसा दुसरा हंगाम साधता येतो, परंतु तो उन्हाच्या तडाख्यापूर्वी संपवावा लागतो, म्हणून नवशिक्याने त्याच्या वाटेस जाऊ नये.

पहिली पद्धत फाटे कलमाची, जिला आता सगळे कटिंग म्हणतात. फांदी कोवळी लुसलुशीत नको आणि जुनी लाकूड झालेलीही नको. हिरवेपणा जाऊन सालीवर करडी झाक येऊ लागली आहे, वाकवली तर लवते पण मोडत नाही, अशी शेंड्याची दहा ते पंधरा सेंटिमीटर फांदी धारदार पात्याने पेराच्या किंचित खाली कापावी. कापताक्षणीच पांढरा चीक वाहू लागतो. तो कपड्याला लागला तर डाग जाता जात नाही आणि काहींच्या कातडीला त्याने खाजही सुटते, म्हणून हातमोजे घालावेत किंवा काम होताच हात साबणाने धुवावेत. फांदीचे टोक कोमट पाण्यात थोडा वेळ धरले की चीक थांबतो. मग खालची पाने काढून टाकून वरची तीन-चार तेवढी राखावीत, आणि मिळाल्यास इंडोल ब्युटिरिक आम्लाची पूड टोकाला लावून जास्तीची झटकून टाकावी. झाडाच्या शेंड्यातून खाली येणाऱ्या ज्या उत्तेजकाचा शोध फ्रिट्स व्हेंट या डच शास्त्रज्ञाने १९२८ च्या सुमारास लावला, त्याच्याच जातीचे हे द्रव्य. १९३५ नंतर त्याचा उपयोग जगभरच्या रोपवाटिकांत रूढ झाला. पूड नसली तर काम अडत नाही, थोडी दिरंगाई होते इतकेच.

आता माती. कळंबची काळी माती कापसाला आणि ज्वारीला अन्नपूर्णा असली तरी मुळाविना फांदीला ती घातक आहे. पाणी पडले की ती फुगते, चिकटते, तिच्यातली हवा कोंडते आणि फांदीचे टोक कुजते. सुकली की भेगाळते आणि फुटू घातलेले तंतू तोडते. म्हणून धुतलेली जाड वाळू दोन वाटे आणि चाळलेले, पुरते कुजलेले पानांचे खत किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्याला बाजारात कोकोपीट म्हणतात, तो एक वाटा असे मिश्रण वापरावे. मिश्रण मुठीत दाबले असता गोळा व्हावा पण बोटांतून पाणी गळू नये, एवढीच ओल पुरे. फांदी दोन पेरे बुडतील इतकी खोचून, बाजूने दाबून, वर पारदर्शक पिशवी उपडी घालावी आणि ती पानांना चिकटू नये म्हणून दोन काड्या उभ्या कराव्यात. सकाळी पिशवीच्या आतल्या अंगाला बारीक थेंबांची जाळी दिसली की समजावे सर्व सुरळीत आहे. ती जाळी दिसत राहील तोपर्यंत पुन्हा पाणी घालण्याचा मोह निग्रहाने टाळावा. चार ते सहा आठवड्यांनी फांदी हलकेच ओढली असता ती मातीस धरून राहिली, तर मुळे सुटली. त्यानंतरही पिशवी एकदम काढू नये. पहिल्या दिवशी एक कोपरा, मग दोन, मग रात्रभर उघडी, अशा क्रमाने आठवडाभरात रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावावी. बंदिवासातून एकाएकी सुटलेले रोप उन्हाच्या पहिल्या झळेला मान टाकते.

दुसरी पद्धत गुटीची, आणि कळंबसारख्या कोरड्या ठिकाणी हीच अधिक भरवशाची, असा या पुस्तिकेचा निर्वाळा आहे. येथे फांदी झाडावरून तोडावयाचीच नाही. पेन्सिलीएवढ्या किंवा तीहून थोड्या जाड फांदीवर, पेराच्या लगेच खाली, दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढून घ्यावी आणि उघड्या पडलेल्या लाकडावरचा निसरडा थर पात्याने खरवडून टाकावा. हे खरवडणे राहिले तर साल पुन्हा जुळून येते आणि श्रम वाया जातात. मग भिजवून घट्ट पिळलेल्या शेवाळाची मूठभर गादी त्या भागाभोवती गुंडाळून, वरून प्लास्टिकचा कागद लपेटून, दोन्ही टोके सुतळीने अशी आवळावीत की आतली ओल बाहेर जाऊ नये आणि पावसाचे पाणी आत शिरू नये. यामागचे तत्त्व मोठे सुरेख आहे. पानांनी तयार केलेले अन्न आणि शेंड्यातले उत्तेजक सालीतून खाली येते, ते कापलेल्या कडेशी येऊन अडते आणि तेथेच मुळांना जन्म देते. परंतु मुळाकडून येणारे पाणी आतल्या लाकडातून वर जाते आणि ते लाकूड आपण अखंड राखलेले असते. म्हणजे स्वतःची मुळे फुटेपर्यंत फांदी मूळ झाडाच्याच पाण्यावर जगते. फाटे कलमात ज्या एका गोष्टीची सगळी धास्ती तिचा येथे प्रश्नच उद्भवत नाही. साधारण सहा ते आठ आठवड्यांत पारदर्शक कागदाआड पांढऱ्या मुळांचे जाळे दिसू लागते. ती पिवळट तपकिरी होऊ लागली की गुटीच्या खाली फांदी कापून, शेवाळ न सोडता, ते रोप कुंडीत बसवावे आणि पहिले काही दिवस सावलीत ठेवावे. शेंडा गेल्यामुळे मूळ झाडालाही खालून दोन-तीन नवे फुटवे येतात आणि ते दाट होते. रबराचे झाड, ड्रॅसिना, शेफलेरा ही घरातली इतर झुडपेही याच उपायाने वाढवता येतात.

या विषयात काही गैरसमज फार रूढ झालेले आहेत. सुटे पान मातीत खोचले असता त्याला मुळे येतात हे खरे, पण क्रोटनच्या पानाला डोळा नसतो आणि डोळ्यावाचून शेंडा नाही. ते पान महिनोन् महिने हिरवे राहून लावणाऱ्याला आशेवर ठेवते आणि अखेरीस झडते. उसाचा डोळा मेला तर टिपरी उगवत नाही, हे जाणणाऱ्याला याचा अचंबा वाटू नये. फांदी बाटलीतल्या पाण्यात ठेवली तर तिलाही मुळे येतात, आणि ती डोळ्यांनी पाहता येतात म्हणून मुलांना त्याचे फार कौतुक. परंतु ही मुळे ठिसूळ असून मातीत हलवताना बहुधा तुटतात. मुळे येण्यापूर्वी खत घालणे म्हणजे ज्याला तोंडच नाही त्याला जेवू घालणे. आणि रंग फिका पडला म्हणून कुंडी अंधाऱ्या खोलीतून अधिक अंधारात नेणे हा तर शुद्ध अन्याय. क्रोटनचा रंग उजेडावर ठरतो, उजेड कमी पडला की पाने हिरवी होतात. चिकाविषयीही एक सूचना करणे माझे कर्तव्य आहे: हे झाड पोटात गेले तर अपाय करते. म्हणून तान्ह्या मुलांच्या आणि दावणीच्या शेळ्यांच्या आवाक्याबाहेर ते ठेवावे.

कुंडी ठेवावी कोठे, याचा विचार घराच्या बांधणीवरून करावा लागतो. आपल्याकडची जुनी माळवदाची घरे, जाड मातीच्या भिंतींची आणि बेताच्या खिडक्यांची, आतून गार पण अंधारी असत. त्यांत क्रोटनला जागा ओसरीची किंवा चौकाच्या कडेची, जेथे ऊन येत नाही पण आभाळ दिसते. पाण्याच्या रांजणाखाली जी वाळू सदा ओली असते, तिच्या शेजारची वीतभर जागा कलमासाठी घरातली सर्वोत्तम. रांजणाच्या अंगातून झिरपणारे पाणी भोवतालची हवा आपसूक दमट ठेवते आणि त्यासाठी वेगळा तांब्याही खर्च होत नाही. नव्या स्लॅबच्या घरात रांजण गेला आणि तापलेली गॅलरी आली. तेथे पूर्वेची बाजू धरावी, हिरवी जाळी बांधावी आणि पसरट थाळीत खडे व पाणी घालून त्या खड्यांवर कुंडी ठेवावी, म्हणजे बुड पाण्यात न बुडता वाफ पानांना मिळते. बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असल्यामुळे त्याचे शिंपण केल्यास पानांवर पांढरे डाग उठतात. पागोळीचे पाणी एखाद्या बादलीत धरून ठेवले तर एवढ्या कामाला ते मुबलक होते.

राहता राहिला उपयोगाचा प्रश्न. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे आणि चाळण्या लुटण्याऐवजी रोपे लुटण्याची चाल अलीकडे गावोगाव दिसू लागली आहे, आणि ती सर्वस्वी स्तुत्य आहे. आषाढात बांधलेली गुटी भाद्रपदापर्यंत कुंडीत येते आणि पौषात संक्रांत येईतो तिचे चांगले स्थिरावलेले रोप होते. एका जोमदार झाडावर एका वेळी चार-पाच गुट्या बांधल्या तरी झाडाला बाधा येत नाही. ज्या बाईच्या दारी दोन झाडे आहेत तिने बाजारात न जाता दहा घरांचे वाण स्वतःच्या हाताने तयार करावे, यात खर्च सुतळीचा आणि शेवाळाचा. शाळांतूनही हा प्रयोग सहज होण्याजोगा आहे; सालीचे काम काय आणि लाकडाचे काम काय हे फळ्यावर चित्र काढून समजावण्यापेक्षा गुटीतून बाहेर डोकावणारी मुळे दाखवली तर मुलांच्या ते कायमचे ध्यानात राहील.

प्रस्तुत पुस्तिकेची रचना याच क्रमाने केलेली आहे. आरंभी झाडाचा आणि हवामानाचा विचार, नंतर हत्यारे व मिश्रणे, मग फाटे कलम आणि गुटी यांची सविस्तर कृती, आणि शेवटी रोप लहानाचे मोठे करताना येणाऱ्या अडचणी. मोठ्या रोपवाटिकांतली फवाऱ्यांची यंत्रे आणि काचघरे यांचा विचार मुद्दाम वगळला आहे. ज्यांना व्यापारी प्रमाणावर हे काम करावयाचे असेल त्यांनी परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे किंवा जवळच्या कृषी खात्याच्या रोपवाटिकेकडे जावे. हे लिखाण ज्याच्याकडे एक कुंडी, एक ओसरी आणि पाण्याचा मोजका वाटा आहे, त्याच्यासाठी आहे.

वाचकांना एकच विनंती. पुस्तिका वाचून कपाटात ठेवू नये. यंदा आर्द्रा निघाल्यावर एका फांदीवर गुटी बांधावी आणि शेजारीच एक फाटे कलम लावावे, म्हणजे दोहोंतला फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. कलम मेले तर पिशवीत आधी पाने सुकली की टोक कुजले ते पाहून ठेवावे: पाने सुकली असतील तर ओल निसटली, टोक कुजले असेल तर पाणी जास्त झाले. पुढच्या खेपेस तेवढी एकच गोष्ट बदलावी. आणि जे पहिले रोप जगेल ते स्वतः न ठेवता शेजाऱ्याला द्यावे. आपले झाड कधी उन्हाने गेले, तर फांदी मागायला एक घर तयार असते.

कळंब, जिल्हा धाराशिव
— लेखक